कॅमेरा त्यांचा, पैसे आपले

गेम फर्स्ट पर्सन असावा की थर्ड पर्सन, ह्यावरून माणसे किती चिडू शकतात ह्याची कल्पना गेम न खेळणाऱ्यांना येणे कठीण आहे. २०१८ च्या जूनमध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने 'सायबरपंक २०७७' हा आपला नवा गेम फर्स्ट पर्सन असणार असे जाहीर केले, आणि तोवर जिला लोक डोक्यावर घेऊन नाचत होते त्याच कंपनीला शिव्या सुरू झाल्या. नुसती नाराजी असती तर समजले असते. पण 'विश्वासघात' हा शब्द वापरणारेही होते. विश्वासघात, आणि तो कॅमेरा कुठे ठेवला ह्यावरून!

मला हा शब्द तेव्हाच खटकला होता. अडीच वर्षांनी, २०२० च्या डिसेंबरात, जेव्हा तो शब्द खरोखर लागू पडेल असे काहीतरी घडले, तेव्हा तर फारच खटकला. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचे मनात होते. आज मुहूर्त लागला.

घरातली मंडळी हे वाचतात आणि त्यातली निम्मी गेम खेळत नाहीत, म्हणून आधी थोडे व्याकरण. फर्स्ट पर्सन म्हणजे आपण शाळेत शिकलो तो प्रथम पुरुष. पात्राच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा. पडद्यावर फक्त समोरचे जग आणि फार तर आपले दोन हात दिसतात. थर्ड पर्सन म्हणजे तृतीय पुरुष. कॅमेरा पात्राच्या मागे, खांद्यावरून, कधी पार वर छताजवळ. आपण चालवतो तो माणूस आपल्यालाच पाठमोरा दिसत राहतो.

आईने मला पहिल्यांदा फर्स्ट पर्सन गेम खेळताना पाहिले तेव्हा बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग विचारले, "ह्यात तू कुठे आहेस?" मी म्हटले, "अगं, हे जे दिसतंय ते मला दिसतंय." थोड्या दिवसांनी 'विचर ३' चालू होता. पांढऱ्या केसांचा गेराल्ट घोड्यावरून चालला होता. तेव्हा तिचा प्रश्न होता, "हा कोण?" दोन्ही वेळा मी तेच बटण दाबत होते, तोच अंगठा दुखत होता. पण एका खेळात 'तू कुठे' आणि दुसऱ्यात 'हा कोण'. ह्या विषयावरचे लांबलचक लेख मी वाचले आहेत, ह्याहून नेमके काही त्यात सापडले नाही.

(गंमत म्हणजे गेराल्ट पडला तरी खेळणारा 'मेले' असेच म्हणतो, 'तो मेला' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे तृतीय पुरुषातही आपण थोडे प्रथम असतोच.)

आता हा निर्णय कोणाचा? माझ्या मते तो संपूर्णपणे गेम करणाऱ्यांचा आहे. खांडेकरांनी 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा ह्यांना आळीपाळीने स्वतःची कथा सांगायला लावली. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण ह्यांनाही बोलते केले. कर्णाचे दुःख कर्णाच्या तोंडून ऐकणे आणि शोणाच्या तोंडून ऐकणे ह्यात जो फरक आहे, तीच ती कादंबरी आहे. 'आम्हांला तृतीयपुरुषी निवेदन जास्त आवडते, तसा पर्याय द्या' असे कोणी सावंतांना पत्र लिहिले असेल असे वाटत नाही. कोणी लिहिलेच असेल तर त्यांनी ते मनावर घेतले नाही हे आपले भाग्य.

गेमच्या बाबतीत हे आणखी खरे आहे, कारण कॅमेरा हलला की नुसते चित्र बदलत नाही, खेळच बदलतो. पब्जी खेळलेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. थर्ड पर्सनमध्ये भिंतीच्या आड उभे राहून, कॅमेरा फिरवून, पलीकडे कोण आहे ते बिनधास्त बघता येते. समोरच्याला तुमचा केसही दिसत नाही. फर्स्ट पर्सनमध्ये बघायचे असेल तर डोके बाहेर काढावे लागते, आणि डोके बाहेर काढले की गोळी बसू शकते. म्हणून तर २०१७ मध्ये पब्जीत फर्स्ट पर्सनवाल्यांसाठी वेगळे सर्व्हर आले. दोन्ही प्रकारची माणसे एकाच मैदानात सोडली असती तर एका बाजूला कोपऱ्यापलीकडचे दिसणारी फौज आणि दुसऱ्या बाजूला न दिसणारी.

जुनी उदाहरणेही आहेत. 'मेट्रॉइड' हा निन्टेन्डोचा १९८६ चा गेम, बाजूने दिसणारा. २००२ मध्ये टेक्ससच्या रेट्रो स्टुडिओजने त्याचा 'मेट्रॉइड प्राइम' केला, तो फर्स्ट पर्सन. आधी त्यांचाही विचार थर्ड पर्सनचाच होता, मियामोतोंनी सांगितले म्हणून बदलला. ही बातमी कळल्यावर मेट्रॉइडचे भक्त हवालदिल झाले होते. आपल्या आवडत्या खेळाचा गोळीबाराचा अड्डा होणार अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्षात काय झाले? नायिका सॅमस हेल्मेट घालते आणि आपण त्या हेल्मेटच्या काचेतून बघतो. पावसात गेले की काचेवर थेंब येतात. जवळ स्फोट झाला की त्या उजेडात क्षणभर काचेवर तिचेच डोळे उमटतात. एरवी सगळा वेळ आपण तिच्या आत बसलेलो असतो आणि त्या एका क्षणी कळते की इथे आपल्याखेरीज आणखी कोणीतरी आहे. पाठमोरी सॅमस दाखवून हे करता आले नसते.

अगदी हेच नाटक २०२४ मध्ये पुन्हा झाले. इंडियाना जोन्सचा नवा गेम जानेवारीत दाखवला गेला आणि ओरड सुरू. टोपी आणि चाबूक हाच तर इंडी, तो दिसणारच नसेल तर काय उपयोग? 'टूम रेडर' १९९६ पासून थर्ड पर्सन, 'अनचार्टेड' २००७ पासून थर्ड पर्सन, मग हे शहाणे कोण? हे शहाणे म्हणजे स्वीडनचे मशीनगेम्स, ज्यांनी आयुष्यभर फर्स्ट पर्सन गेम केले. डिसेंबरात गेम आला आणि लोकांना आवडला. कारण इंडी मूळचा प्राध्यापक आहे. शिलालेख जवळ जाऊन वाचायचा, जुनी चिठ्ठी हातात धरून उलटीसुलटी बघायची, नकाशा उघडायचा तर समोरचा रस्ता त्याच्याआड जातो. हे सगळे डोळ्यांचे काम आहे. भिंत चढताना किंवा चाबकाला लोंबकळताना कॅमेरा आपण होऊन बाहेर येतो आणि टोपी दिसते. मारामारीत टोपी पडली तर शोधून परत घालताही येते.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी'. लहानग्या राजीचा भाऊ असुरांनी पळवलाय आणि ती त्याच्या शोधात निघाली आहे. कॅमेरा तिच्यापासून लांब, उंचावर, आणि तो आपल्याला फिरवताही येत नाही. मोठमोठे महाल, दरवाजे, मूर्ती, आणि त्यात ही एवढीशी पोर. काहींना कॅमेरा हातात नसल्याचा राग आला. पण त्या गेममध्ये कथा कोण सांगते? दुर्गा आणि विष्णू. वरून बघत, आपसात बोलत. मग कॅमेरा देवांच्या उंचीवर असणे हेच बरोबर नाही का? तो राजीच्या डोळ्यांत नेऊन ठेवला असता तर ती किती लहान आहे हेच दिसले नसते.

तर सायबरपंक. त्या गेमची मूळ कल्पनाच अशी की नायकाच्या (किंवा नायिकेच्या, जे निवडाल ते) डोक्यात एक चिप बसते आणि तीमध्ये पन्नासएक वर्षांपूर्वी मेलेला एक बंडखोर गायक आहे. जॉनी सिल्व्हरहँड, म्हणजे कियानू रीव्ह्ज. तो फक्त आपल्यालाच दिसतो. आपण कोणाशी बोलत असलो की मागे भिंतीला टेकून उभा राहतो, टोमणे मारतो, वळून बघावे तर दुसऱ्याच खुर्चीत बसलेला. एकाच कवटीत दोन माणसे राहतायत, ही गोष्ट कवटीच्या बाहेरून कशी सांगायची? बाहेरून बघितले तर एक माणूस खोलीत एकटाच बडबडतोय एवढेच दिसेल. हा गेम फर्स्ट पर्सन करणाऱ्यांना आपण काय करतोय ते नीट माहीत होते.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र अगदी खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. गेमच्या सुरुवातीला अर्धा तास बसून आपण आपले पात्र घडवतो. केस, डोळे, गोंदण, दात सुद्धा. पुढे हजार प्रकारचे कपडे मिळतात. आणि मग ते दिसतच नाहीत! मोटरसायकलवर बसलात की पाठमोरे दिसता, फोटो मोडमध्ये दिसता, आणि आरशासमोर उभे राहून बटण दाबलेत तर आरशात दिसता (आरसा बटण दाबल्यावर चालू होतो, भविष्यातले आरसे असेच असणार बहुधा). लग्नाला शालू नेसवून, पूर्ण साजशृंगार करून, नवरीला अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवल्यासारखे आहे हे. ही चूक म्हणा, विसंगती म्हणा. टीका जरूर करावी. पण ही फसवणूक नव्हती. दोन वर्षे आधी उघड सांगितले होते, २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाऊण तासाचे चित्रीकरण दाखवले होते, २०१९ मध्ये मधली दृश्येही जवळजवळ सगळी फर्स्ट पर्सनच असणार हेही कळले होते. न आवडणाऱ्याला न घ्यायची पूर्ण मोकळीक होती.

आणखी एक तक्रार आहे, आणि तिथे मी शंभर टक्के खेळणाऱ्यांच्या बाजूने आहे. माझा धाकटा भाऊ कुठलाही फर्स्ट पर्सन गेम दहा मिनिटांवर बघू शकत नाही. नुसता शेजारी बसला तरी, "ताई, बंद कर गं, मळमळतंय." डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण सोफ्यावर बसलोय, आणि ह्या भांडणात पोट ढवळते. एसटीत पुस्तक वाचणाऱ्याचे होते तेच, फक्त उलट्या बाजूने. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, शरीराचा आहे. दृष्टीचा कोन वाढवायची सोय द्यावी, चालताना कॅमेरा वरखाली डुलतो ते बंद करता यावे, पडद्याच्या मध्ये एक ठिपका ठेवता यावा. ह्यातले काहीही कोणाच्या कलेला धक्का लावत नाही. हे न देणारी कंपनी आळशी आहे असे मी बिनदिक्कत म्हणेन.

मग सरळ दोन्ही कॅमेरे द्या ना, असे भाऊ म्हणतो. द्यावेत, जमत असेल तर. पण बाहेरून वाटते तितके ते फुकट नसते. 'जीटीए ५' मध्ये २०१४ च्या नोव्हेंबरात फर्स्ट पर्सनची सोय आली. मूळ गेम आधीच्या वर्षीचा. त्यासाठी हातांच्या, बंदुकांच्या हालचाली पुन्हा कराव्या लागल्या, गाड्यांच्या आतली तबकडी आणि काटे जवळून बघण्याजोगे करावे लागले. उलट दिशेने जायचे तर पात्राला पूर्ण शरीर हवे, ते जिना चढताना नीट चढले पाहिजे, आणि अरुंद खोलीत कॅमेरा भिंतीत घुसता कामा नये.

ह्यातले सगळ्यात मजेशीर उदाहरण 'रेसिडेन्ट ईव्हिल'चे. त्या मालिकेने कॅमेरा इतक्या वेळा हलवला आहे की मोजणे सोडून द्यावे. १९९६ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला, २००५ मध्ये खांद्यामागे, २०१७ मध्ये थेट डोळ्यांत. २०२१ च्या 'व्हिलेज'ला लोकांच्या मागणीवरून दुसऱ्या वर्षी थर्ड पर्सनची सोय दिली. पण नायक ईथनचा चेहरा दाखवायचा नाही हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलेले. मग काय करावे? कॅमेरा फिरवून चेहरा बघायला गेलात की ईथन तोंड फिरवतो! नव्या सुनेसारखा. मला हे फार आवडले. मागणी मान्य केली, पण आपले म्हणणेही सोडले नाही.

असो. कॅमेऱ्याबद्दल एवढे लिहिले ते कशासाठी, तर गेम करणाऱ्यांवर आपण टाकतो तो विश्वास एकच नसतो, दोन असतात, आणि लोक ते एकत्र कालवतात. एक विश्वास असा की हे लोक गोष्ट सांगायला जाणतात, कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्यांना कळते. दुसरा असा की हे लोक माल विकताना खरे बोलतात. पहिला त्यांच्या आधीच्या कामावरून टाकता येतो. दुसऱ्यासाठी मात्र आधीचे काम कितीही चांगले असले तरी ते पुरत नाही. सायबरपंकने हे इतके स्पष्ट दाखवून दिले की आता कोणाला शंका राहायला नको होती.

२०१५ च्या 'विचर ३' ने सीडी प्रोजेक्टला देव्हाऱ्यात बसवले होते. खोक्यात आभाराची चिठ्ठी, नकाशा, वर सोळा छोट्या भरी फुकट. इतर कंपन्या घोड्याच्या झुलीचे वेगळे पैसे घेत असताना हे लोक देत होते. साहजिकच सायबरपंकची तारीख एप्रिलवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर आणि नोव्हेंबरवरून १० डिसेंबर अशी ढकलली गेली तरी लोक थांबले. नुसते थांबले नाहीत, ८० लाख प्रती आधीच पैसे भरून नोंदवल्या गेल्या. नोव्हेंबरात कंपनीचे प्रमुख गुंतवणूकदारांना सांगत होते की जुन्या कन्सोलवरही गेम आश्चर्य वाटावे इतका चांगला चालतो. परीक्षण लिहिणाऱ्यांना मात्र आधी दिली गेली ती फक्त पीसीची प्रत, आणि तीतले स्वतः चित्रित केलेले काही दाखवायला बंदी.

१० तारखेला गेम आला. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर तो धड चालतच नव्हता. चेहरे मेणासारखे, रस्ते ओसाड, दर थोड्या वेळाने सगळे बंद. चार दिवसांनी कंपनीने माफी मागितली आणि त्यात स्वतःच लिहिले की जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवायला हवा होता, म्हणजे लोकांना विचार करून घेता आला असता. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. एवढ्या मोठ्या गेमवर अशी वेळ मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. तो परत विक्रीला आला २०२१ च्या जूनमध्ये.

विश्वासघात म्हणायचाच तर तो हा. आणि २०१८ मध्ये कॅमेऱ्यावरून तो शब्द वापरणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते ते ह्यासाठी की त्यांच्यातल्या किती जणांनी 'हा गेम माझ्या घरातल्या यंत्रावर चालताना दाखवा' असे तितक्याच जोराने विचारले? कॅमेरा आपल्याला पसंत नाही हे ट्रेलर बघून कळते, म्हणून त्यावर भांडणे सोपे. जे दाखवलेलेच नाही त्याबद्दल विचारायला वेगळी सवय लागते. भाजी घेताना आपण पाटी खालून वर करून बघतो, ती सवय.

पुढची हकीकत बहुतेकांना माहीत आहे. कंपनी पळून गेली नाही, गेम दुरुस्त करत राहिली. २०२३ च्या सप्टेंबरात २.० अपडेट आणि 'फँटम लिबर्टी' आले आणि आता तो खरोखर उत्तम गेम आहे. कॅमेरा अजून तिथेच, डोळ्यांत. फर्स्ट पर्सन नको म्हणून शिव्या देणारा आवाज आता जवळजवळ ऐकूच येत नाही. पण ही दोन्ही पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलीच नाहीत हेही लक्षात ठेवावे. ज्यांचा सगळ्यात जास्त मनस्ताप झाला, त्यांनाच सुधारलेला गेम हवा तर आधी नवे यंत्र घ्या.

'नो मॅन्स स्काय'ची गोष्टही अशीच, थोडी जास्त सुखद. २०१६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या हेलो गेम्सने तो काढला तेव्हा जे जे येणार असे लोकांना वाटले होते त्यातले बरेच नव्हते. दुसऱ्या खेळाडूशी भेट होईल म्हणावे तर तीही नाही. कंपनीने तोंड बंद केले आणि काम करत राहिली. २०१८ च्या जुलैमध्ये 'नेक्स्ट' नावाचे मोठे अपडेट आले, फुकट. त्यात एकत्र खेळायची सोय आली, आणि त्याबरोबरच थर्ड पर्सन कॅमेराही. हे मला फार सयुक्तिक वाटते. एकट्याने विश्वात भटकायचे तर आपण कसे दिसतो ह्याच्याशी काय देणेघेणे? चार मित्र जमले की मात्र आपला अवतार बघावासा वाटणारच. अजूनही ते नवे काही ना काही देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. मी त्यांना मानते. तरीही त्यांच्या पुढच्या गेमचे पैसे आधी भरणार नाही.

आधी पैसे भरायचे ह्या प्रकाराचेच मला नवल वाटते. हापूसची पेटी ओळखीच्या बागायतदाराकडे फेब्रुवारीत सांगून ठेवावी लागते, कारण झाडाला आंबे मोजकेच लागतात. पूर्वी गेमची तबकडी दुकानात संपायची, तेव्हा नोंदणीला अर्थ होता. आता डाउनलोड करायचा गेम संपणार कसा? उशिरा गेलात तर कमी पडेल अशी ती वस्तूच नाही. उलट उशिरा गेलात तर थोडी दुरुस्त झालेली आणि बहुधा स्वस्त मिळते. स्टीमवर २०१५ पासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात हे खरे, पण सायबरपंकसारख्या गेममध्ये दोन तासांत मूळ शहराची तोंडओळखही धड होत नाही. कन्सोलवाल्यांना तर एवढीही सरळ सोय नाही.

हे सगळे आत्ता लिहायचे निमित्त भाचा. भावाचाच मुलगा, नववीत आहे, आणि बापाला मळमळते ते सगळे गेम त्याला आवडतात. (हो, हे वाचशील तेव्हा रागावू नकोस रे.) दिवाळीचे आणि वाढदिवसाचे मिळून पैसे साठवलेत, एका नव्या गेमला आधीच भरायचे आहेत. मोठ्या गेमला आता चार-पाच हजार लागतात, नववीतल्या मुलासाठी ही वर्षाची कमाई. मी विचारले, "तुझ्या कन्सोलवर तो चालताना कुठे बघितलास का?" तर नाही, पीसीवरचा बघितला. "मग थांब की आठवडाभर. कोणीतरी तुझ्याच यंत्रावर खेळून दाखवेल."

"आत्या, त्यांचे आधीचे गेम किती भारी होते, तुला माहितीये. आणि आधी बुक केलं तर एक जॅकेट मिळतं, नंतर नाही मिळत."

गेम फर्स्ट पर्सन आहे हे मी त्याला आठवण करून दिले. ते जॅकेट त्याला दिसणार कधी?

"मला नाही दिसणार," तो म्हणाला, "पण बाकीच्यांना दिसेल ना!"

आता ह्यावर काय बोलणार. :-) आठवडाभर थांबायचे कबूल केले आहे खरे, पण भाऊ म्हणतो पासवर्ड बदलून ठेवलेला बरा.